मढचं मत, डब्लिनची रीत

मढ गाव मालाड पश्चिम विधानसभा मतदारसंघात येतं. इथल्या आमदाराने राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत टाकलेल्या एका मतपत्रिकेचं मूल्य असतं १७५. गोव्यातल्या आमदाराच्या मताचं मूल्य २०, सिक्कीममधल्या आमदाराचं अवघं ७ आणि उत्तर प्रदेशातल्या आमदाराचं २०८. पहिल्यांदा हे आकडे वाचणाऱ्याला वाटतं, हा काय प्रकार आहे? लोकशाहीत एक माणूस, एक मत असंच तर आपण शिकलो. मग आमदारा-आमदारांत हा फरक कुठून आला?

तो आला आपल्यातूनच. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या भरली ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचं. येतात १७५ आणि वर थोडासा अपूर्णांक, तो सोडून द्यायचा. म्हणजे दर हजार माणसांमागे एक मत, असा हा हिशेब. आमदार विधान भवनात मतपत्रिका पेटीत टाकतो तेव्हा ती त्याच्या एकट्याची नसते. त्याच्या वाट्याला आलेल्या पावणेदोन लाख माणसांच्या वतीने तो ती टाकत असतो.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे ते १९७१ साल. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येचा आकडा तिथेच गोठवला. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत वाढवली. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जुनाच आकडा चालणार. त्यामुळे मढ, एरंगळ, भाटी इथल्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत त्या वर्षी ज्यांची शिरगणती झाली, त्यांच्यातले कितीतरी जण आज हयात नाहीत, तरी राष्ट्रपती निवडताना मोजले जातात तेच. त्यानंतर मालाडमध्ये राहायला आलेली, इथे जन्मलेली लाखो माणसं या भागाकारात अजून शिरलेलीच नाहीत.

खासदारांचं मूल्य याच्या उलट बाजूने निघतं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं. २०२२ मध्ये ती बेरीज होती ५,४३,२३१ आणि खासदार ७७६, म्हणून प्रत्येक खासदाराचं मत ७०० चं. राज्यांचं पारडं आणि संसदेचं पारडं जवळजवळ बरोबरीत यावं, अशी ही योजना. राज्यघटनेचं ५५ वं कलम वाचताना एखादा सराफ तराजू धरून बसला आहे असं वाटतं.

पण तराजू झाला निम्माच भाग. खरी गंमत मतपत्रिकेवर आहे.

आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. तिच्यावर ना चिन्ह असतं, ना शिक्का मारायची जागा. एका बाजूला उमेदवारांची नावं आणि समोर पसंतीक्रमाचा रिकामा रकाना. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच तिथे आकडा लिहायचा. दुसरं पेन वापरलं तर मत बाद. पहिल्या पसंतीच्या नावापुढे १, दुसऱ्या पसंतीच्या नावापुढे २, तिसऱ्यापुढे ३. पहिला आकडा सक्तीचा, बाकीचे ऐच्छिक. आकडा देवनागरीत लिहिला तरी चालतो, रोमनमध्ये लिहिला तरी चालतो, कोणत्याही भारतीय भाषेतला चालतो. अक्षरात मात्र लिहायचा नाही. ‘एक’ असा शब्द लिहिला की मत गेलं. पक्षादेश इथे चालत नाही आणि मत गुप्त असतं. २००७ मध्ये भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, तो याच मोकळिकीत.

ही रीत आमदार-खासदारांपुरतीच आहे असं समजू नका. मढमधला एखादा पदवीधर मुंबई पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव नोंदवून आला असेल, तर विधान परिषदेच्या निवडणुकीत त्यालाही जांभळं पेन हातात घेऊन असेच १, २, ३ लिहायला मिळतात. तोच मतदार विधानसभेला यंत्रावरचं एकच बटण दाबतो. दोन्ही निवडणुकांत त्याच्याकडून वेगळ्या प्रकारचा विचार मागितला जातो, याची जाणीव फार थोड्यांना होते.

हे पसंतीचे आकडे करतात काय? बाजारात जाणाऱ्या माणसाला घरून सांगणं असतं: पापलेट बघ, नसलं तर रावस घे, तेही संपलं असेल तर बोंबील आण. पापलेट मिळालं नाही म्हणून तो रिकामी पिशवी घेऊन परत येत नाही. पसंतीच्या मताचंही तसंच. जिंकायला एकूण वैध मतमूल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात. पहिल्या मोजणीत कुणालाच तेवढी मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो. त्याच्या मतपत्रिका मात्र बाद होत नाहीत. त्या पुन्हा उघडल्या जातात, त्यांवरचा २ हा आकडा कुणापुढे आहे ते पाहतात आणि त्या त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात नेऊन ठेवतात. मग पुढचा तळाचा. कुणीतरी निम्म्याची रेघ ओलांडेपर्यंत हे चालू राहतं.

ही रीत जगात सर्वांत मनापासून सांभाळली, ती आयर्लंडने. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातली: डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे आणि इंग्लंडमध्ये थॉमस हेअर हे दोघे १८५० च्या दशकात स्वतंत्रपणे तिच्यापर्यंत पोहोचले. पण संसदेपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळं याच पद्धतीने निवडायचं, हे आयर्लंडने १९३७ च्या आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवलं. आपली घटना घडत होती तेव्हा घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडला जाऊन आले. डब्लिनमध्ये त्यांची तेव्हाचे आयरिश पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांच्याशी भेट झाली. मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण आयर्लंडकडून घेतली हे शाळेच्या पुस्तकात असतं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आयरिश रीतीची ही सावली आहे, ते मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं.

दोन्ही देशांची दैवंही सारखी. ज्या व्हाइसरॉयच्या वाड्यातून इंग्रज डब्लिनवर नजर ठेवत, त्या फिनिक्स पार्कमधल्या वाड्यात आज आयरिश राष्ट्राध्यक्ष राहतात. दिल्लीत व्हाइसरॉयच्या महालाचं राष्ट्रपती भवन झालं. दोन्हीकडे उमेदवाराला वयाची ३५ वर्षं पूर्ण लागतात. आयर्लंडमध्ये ही अट २१ वर आणायचा प्रस्ताव २०१५ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, तो त्यांनी मोठ्या बहुमताने फेटाळला.

मोठा फरक एकच. आयर्लंडमध्ये ही आकडे लिहिलेली मतपत्रिका थेट नागरिकाच्या हातात असते. तिच्यावर उमेदवाराचा फोटो छापलेला असतो. राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांची, आणि फार तर दोनदा निवडून येता येतं. नव्या माणसाला उमेदवारी मिळवायचे दोन रस्ते: संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या २० सदस्यांचा पाठिंबा, नाहीतर चार स्थानिक परिषदांचा ठराव. या दुसऱ्या रस्त्याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर चार महापालिका-जिल्हा परिषदांनी ठराव करून देशाच्या सर्वोच्च पदासाठी माणूस उभा करायचा! आपल्याकडे उमेदवाराला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि ते सगळे मतदार, म्हणजे आमदार-खासदारच असावे लागतात. नगरसेवकाला त्या दारात जागाच नाही.

आपणही थेट निवडणूक घ्यावी, असं घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी आग्रहाने मांडलं होतं. नेहरूंचं म्हणणं असं की, कोट्यवधी लोकांनी निवडलेला माणूस आणि हातात खरी सत्ता नाही, हे विसंगत होईल. सत्ता तर पंतप्रधान आणि संसदेकडे राहायची आहे. युक्तिवाद वजनदार आहे. पण आयर्लंडचं उदाहरण त्याला पुरतं बसत नाही. तिथला राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला आणि तरी मर्यादेत राहणारा आहे. आठ-नऊ दशकांत त्यावरून तिथली संसदीय लोकशाही कोलमडली नाही. भारताएवढ्या अवाढव्य देशात नव्या स्वातंत्र्याच्या पहाटे हा धोका पत्करायला नको होता, हे मला मान्य आहे. आज मात्र तो प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नसावी.

दुसऱ्या पसंतीची ताकद आयर्लंडला १९९० साली लखलखीत दिसली. ७ नोव्हेंबरला मतदान झालं. फियाना फॉल या तिथल्या बलाढ्य पक्षाचे ब्रायन लेनिहान पहिल्या मोजणीत ६,९४,४८४ मतं घेऊन पुढे होते. या पक्षाचा उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तोवर कधीच हरला नव्हता. मजूर पक्षाने पुढे केलेल्या वकील मेरी रॉबिन्सन यांना ६,१२,२६५ मतं. तिसरे ऑस्टिन करी, २,६७,९०२. आपल्या विधानसभेच्या पद्धतीने तिथेच गुलाल उधळला गेला असता. पण निम्म्याची रेघ कुणीच ओलांडली नव्हती. करी बाद झाले, त्यांचे गठ्ठे सुटले आणि एकेक मतपत्रिका वाटली जाऊ लागली. लेनिहान यांच्या वाट्याला आली ३६,७८९. रॉबिन्सन यांच्याकडे गेली २,०५,५६५. आयर्लंडला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली ती करींच्या मतदारांनी लिहिलेल्या २ या आकड्यामुळे.

डी व्हॅलेरा यांची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. संसदेच्या निवडणुकीतून ही पसंतीची पद्धत काढून टाकावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९५९ मध्ये त्यांनी तसं सार्वमत लावलं आणि त्याच दिवशी, १७ जूनला, ते स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. लोकांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांचा प्रस्ताव मात्र नाकारला. माणूस हवा, पण आमचा पसंतीक्रम काढून घेऊ देणार नाही, असा कौल एकाच दिवशी, एकाच मतदान केंद्रावर मिळाला. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅथरीन कॉनली ६३ टक्क्यांवर मतं घेऊन पहिल्याच मोजणीत निवडून आल्या, तेव्हाही नाराज मतदारांनी दोन लाखांहून अधिक मतपत्रिका बाद करून पेटीत टाकल्या होत्या. कागदावर लिहायची सवय असलेला मतदार आपली नाराजीही कागदावरच लिहितो.

या आयरिश रीतीतून एक मालवणी नावही वर आलं आहे. लिओ वराडकर यांचे वडील अशोक वराडकर मुंबईहून इंग्लंडला गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. २०२० च्या निवडणुकीत पदावर असलेल्या या पंतप्रधानाला स्वतःच्या डब्लिन पश्चिम मतदारसंघात निवडून येण्यासाठी पाचव्या मोजणीपर्यंत थांबावं लागलं. इतरांच्या मतपत्रिकांवरून आलेल्या पुढच्या पसंतींनी त्यांना रेघेपलीकडे नेलं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजायची वेळ आजवर एकदाच आली, आणि त्या मोजणीच्या मधोमध उभा होता एक मराठी माणूस.

चिंतामणराव देशमुख. रायगडच्या पायथ्याजवळ, महाड तालुक्यातल्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेलेल्या या माणसाने १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. मराठी माणसाच्या मनात त्यांची जागा त्या राजीनाम्याने कायमची झाली. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या घटना समितीच्या सदस्य होत्या. राष्ट्रपती कसा निवडायचा हे ज्या सभागृहात ठरलं, त्यात त्या बसल्या होत्या.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार ठरले नीलम संजीव रेड्डी. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पद सोडून अपक्ष उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधी आणि पक्षातली ज्येष्ठ मंडळी यांच्यातली फूट आता झाकण्यापलीकडे गेली होती. इंदिराबाईंनी आपल्या खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला मोकळं सोडलं. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी तिसरा उमेदवार दिला, ते चिंतामणराव. एकूण १५ उमेदवार रिंगणात होते.

यात काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांना एक गोष्ट बरोबर उमगली होती: चिंतामणरावांचे मतदार दुसरा आकडा कुणापुढे लिहितात, यावर सगळं ठरेल. म्हणून त्यांनी स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांशी दुसऱ्या पसंतीसाठी बोलणी केली. इंदिरा गटाने हीच गाठभेट त्यांच्याविरुद्ध वापरली: पक्षाचा अध्यक्ष उजव्यांशी हातमिळवणी करतो आहे! एका आकड्यासाठी केलेली बोलणी पक्ष दुभंगायला कारण झाली.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. वैध मतांचं एकूण मूल्य ८,३६,३३७. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. चिंतामणराव १,१२,७६९. उरलेल्यांत किरकोळ विभागणी. गिरींना रेघ गाठायला आणखी १६,६५४ हवी होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

मग तळापासून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि शेवटी चिंतामणरावांचा गठ्ठा सुटला. इथला हिशेब मी पुन्हापुन्हा करून पाहतो, कारण तो डोळ्यांवर विश्वास बसू देत नाही. या सगळ्या वाटपातून रेड्डींना मिळाली ९१,८७९. गिरींना फक्त १८,५६२. म्हणजे निजलिंगप्पांची बोलणी वाया गेली नव्हती. दुसऱ्या पसंतीची मतं जवळजवळ पाचास एक या प्रमाणात रेड्डींच्याच बाजूने पडली. तरी रेड्डी हरले. गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आवश्यक मूल्यापेक्षा गिरींना जास्त मिळाली १,९०८. खासदारांच्या चार मतपत्रिकांवरचा २ हा आकडा इकडचा तिकडे झाला असता, तर ती रेघ गिरींना त्या फेरीत गाठता आली नसती.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. वाटप करताना सुमारे अकरा हजारांचं मूल्य वाटेतच गळालं, कारण त्या मतपत्रिकांवर पुढची पसंती लिहिलेलीच नव्हती. ज्यांनी १ लिहून पेन खाली ठेवलं, त्यांनी अंतिम लढतीत भागच घेतला नाही. गिरी आणि रेड्डी यांच्यातलं अंतर चौदा हजार सहाशे पन्नासचं होतं. या निकालानंतर नोव्हेंबरपर्यंत काँग्रेस दुभंगली.

त्यानंतर १९७४ पासून २०२२ पर्यंत ज्या ज्या वेळी मतदान झालं, त्या प्रत्येक वेळी पहिल्याच मोजणीत निकाल लागला. राज्याराज्यांतून मतपेट्या विमानाने दिल्लीला येतात. २०२२ मध्ये अधिकाऱ्याशेजारच्या पुढच्या रांगेतल्या आसनावर बसलेल्या पेटीचं तिकीट ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने काढलं होतं. पेट्या उघडतात, गुलाबी आणि हिरवे गठ्ठे लावले जातात, १ चे आकडे मोजले जातात आणि काम संपतं. मतपत्रिकांवरचे २ आणि ३ न वाचताच ठेवून दिले जातात.

आणि ज्या नीलम संजीव रेड्डींना १९६९ मध्ये दुसऱ्या पसंतीची एवढी मतं पडूनही राष्ट्रपती भवन मिळालं नाही, त्यांना ते १९७७ मध्ये मिळालं. त्या वर्षी ३७ उमेदवारांचे अर्ज आले होते. छाननीत ३६ जण बाद ठरले. रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. एकही मतपत्रिका वाटावी लागली नाही, एकाही आमदाराला पेन हातात घ्यावं लागलं नाही.